पितळेची पुंगळी

कडेम नदी बाजारहत्नूरच्या मुलखातून वाहत येते आणि कुंतला गावाजवळ सुमारे ४५ मीटर खाली कोसळते. आज हा प्रदेश तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यात आहे. १९४८ पर्यंत तो निजामाच्या राज्यात होता आणि शेजारचा किनवट तालुका १९५६ पर्यंत याच जिल्ह्याचा भाग होता. म्हणून मराठी, गोंडी, तेलुगू आणि दखनी उर्दू या चारही भाषा इथल्या बाजारात अजून कानावर पडतात. साग आणि बांबूचे जंगल, त्यात वाघ, सांबर, चितळ, रानडुक्कर. असे जंगल म्हटले की शिकार आली आणि शिकारीबरोबर बंदूक आली.

या मुलखात दोन जातींच्या बंदुका एकाच काळात वावरल्या. एक ठासणीची. तोंडाकडून दारू ओतायची, चिंधी किंवा कागद घालायचा, छर्रे सोडायचे, गजाने ठासायचे, मागे ठिणगी देणारी स्फोटक टोपी बसवायची आणि मग बार काढायचा. दुसरी विलायती, मधोमध मोडून उघडणारी, तयार काडतूस पोटात घेणारी. ही दुसरी जात साहेबाच्या, नबाबाच्या, जहागीरदाराच्या हातात होती. दोन्हींची नळी लोखंडाची आणि दस्ता लाकडाचाच. खरा फरक पाडला तो बोटभर लांबीच्या पितळी पुंगळीने, जी बार झाल्यावर माणूस पाचोळ्यात टाकून पुढे जातो.

हा फरक किती जीवघेणा होता ते १९४० मध्ये याच जिल्ह्याने पाहिले. जल, जंगल, जमीन यांवरच्या हक्कासाठी उभे राहिलेले गोंड नेते कुमराम भीम जोडेघाट येथे निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. गोंडांपाशी भाले, काठ्या आणि मोजक्या ठासणीच्या बंदुका होत्या. समोरच्या शिपायांकडे कारखान्यातून आलेली काडतुसे होती. ठासणीची बंदूक सराईत हातांनीही मिनिटाला फार तर तीन बार काढते; पितळी काडतुसाची अगदी पहिल्या पिढीतली सैनिकी रायफलही मिनिटाला दहा काढत असे. जोडेघाटनंतर निजाम सरकारने गोंडांच्या असंतोषाची कारणे शोधायला ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेन्डॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला पाठवले आणि त्याचा राज गोंडांवरचा ग्रंथ १९४८ मध्ये निघाला. त्या झगड्याचे मूळ जमिनीत होते, हे खरेच. पण त्या दिवशी कोण उभा राहिला आणि कोण पडला, याचा हिशेब पितळेपाशी येऊन थांबतो.

पुंगळी म्हणजे दारू, गोळी आणि टोपी एकत्र बांधणारी डबी, एवढीच बहुतेकांची समजूत असते. तिचे मोठे काम वेगळेच आहे. बार उडाला की आतल्या वायूच्या दाबाने पुंगळीची पातळ भिंत फुगते आणि बंदुकीच्या कोठीला घट्ट चिकटते. त्यामुळे आग आणि वायू मागे, नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांकडे येत नाहीत. क्षणात दाब उतरला की तीच भिंत किंचित आक्रसते आणि पुंगळी सहज बाहेर निघते. फुगायचे पण फाटायचे नाही, चिकटायचे पण अडकायचे नाही. मागून भरायच्या बंदुका कारागीर शेकडो वर्षे करून पाहत होते आणि मागून निसटणारा वायू त्यांना दर वेळी हरवत होता. तो अखेर अडवला पितळेच्या या भिंतीने.

तिच्याआधी होती कागदाची पुडी. मोजलेली दारू आणि गोळी कागदात गुंडाळायची, शिपायाने पुडीचे टोक दाताने फोडायचे, दारू नळीत ओतायची. याच पुडीला लावलेल्या चरबीवरून १८५७ ची ठिणगी पडली आणि त्या वर्षीच्या ३१ जुलैला कोल्हापुरातली २७ वी मुंबई पायदळ पलटणही उठली. या पुड्या वळणारे हात जगभर गरिबांचेच होते. अमेरिकेत पिट्सबर्गजवळच्या अ‍ॅलेघेनी शस्त्रागारात १७ सप्टेंबर १८६२ रोजी स्फोट होऊन ७८ कामगार मेले. त्यांतल्या बहुतेक काडतुसे वळणाऱ्या तरुण मुली होत्या. लंडनच्या ज्या विल्यम ईलीच्या नावाची काडतुसे पुढे हिंदुस्थानातल्या प्रत्येक शिकाऱ्याला ठाऊक झाली, तो स्वतः १८४१ मध्ये टोपीत भरायच्या स्फोटक द्रव्याच्या स्फोटात गेला. काडतुसाचा इतिहास लिहिताना लढाया आणि वाघ यांनी पाने भरतात. ही माणसे त्या पानांवर क्वचित येतात, याचे वाईट वाटते.

१८६६ मध्ये वुलिच येथील रॉयल लॅबोरेटरीचे प्रमुख कर्नल एडवर्ड बॉक्सर यांनी स्नायडर रायफलीसाठी नवे काडतूस आणले. त्यांची पुंगळी आज हातात धरली तर ती यंत्रयुगाची वस्तू वाटतच नाही. पितळेचा अगदी पातळ पत्रा दांड्याभोवती वेटोळा गुंडाळायचा, कागदाने जुळवायचा आणि खाली जाड बूड बसवून मध्यभागी टोपी ठोकायची, अशी तिची घडण. म्हणजे कागदाची पुडी वळणाऱ्या बोटांचेच कसब; फक्त कागदाच्या जागी पितळ आले. पुढे १८७१ च्या मार्टिनी-हेन्री रायफलीसाठीही हीच रीत चालू राहिली. तिच्या बाटलीसारख्या पुंगळीत ८५ ग्रेन काळी दारू आणि ४८० ग्रेन वजनाची शिशाची गोळी मावत असे.

बॉक्सरच्या काडतुसानंतर तीनच वर्षांनी, १८६९ मध्ये, पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला. १८१७ च्या नोव्हेंबरात जिथे पेशव्यांची आणि इंग्रजांची गाठ पडली, त्याच खडकीच्या परिसरात आता साम्राज्याची काडतुसे तयार होऊ लागली. कलकत्त्याजवळचे डमडम आणि पुण्याजवळची खडकी ही हिंदुस्थानी फौजेच्या काडतुसांची दोन मोठी ठिकाणे बनली. १८५७ चा धडा इंग्रज विसरले नव्हते. हिंदी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुने हत्यार द्यायचे हे धोरण त्यांनी कित्येक दशके पाळले. गोऱ्यांच्या हाती मार्टिनी आली तेव्हा हिंदी शिपायाला स्नायडर मिळाली. गोऱ्यांना मॅगझीन रायफल मिळाल्यावर मार्टिनी हिंदी शिपायाकडे आली. या धोरणाची खूण पुंगळीवरही उमटली. विलायतेत मागे पडलेली काडतुसे इथे वर्षानुवर्षे बनत राहिली. खडकीच्या पुंगळीच्या बुडावर रोमन लिपीतली ‘के’ आणि ‘एफ’ ही अक्षरे आणि सालाचे आकडे ठोकलेले असत. जगभरचे संग्राहक आज ती अक्षरे पाहून खडकीचा माल ओळखतात.

गुंडाळलेल्या पत्र्याचा कमकुवतपणा उघड झाला तो सुदानमध्ये. १८८५ च्या जानेवारीत अबू क्लेयाच्या लढाईत तापलेल्या, वाळू गेलेल्या रायफलींत पुंगळ्या अडकल्या; खेचताना बूड हातात यायचे आणि पत्रा आतच राहायचा. त्यानंतर सैनिकी काडतुसांसाठी अखंड ओढीव पुंगळी आली. ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्त अशा पितळेची जाड चकती घ्यायची, तिची वाटी करायची, मग एकामागून एक अरुंद होत जाणाऱ्या डायमधून ती वाटी ओढत ओढत उंच नळी बनवायची. पितळ प्रत्येक ओढीला ताठर होते, म्हणून दोन ओढींमध्ये ते तापवून नरम करायचे, आम्लात धुऊन काळपट थर काढायचा, पुन्हा ओढायचे. शेवटी बूड दाबून कठीण करायचे आणि तोंड मात्र मऊ ठेवायचे. एकाच धातूच्या एकाच तुकड्यात बूड कडक आणि तोंड नरम राखणे, ही या कामातली सर्वांत अवघड गोष्ट.

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीला हे ज्ञान परके नव्हते. कोकणातून पेशवाईत पुण्याला आलेले तांबट तांब्याचा पत्रा ठोकतात, तो ताठला की भट्टीत तापवून नरम करतात, पुन्हा ठोकतात; आणि भांडे आकाराला आले की शेवटी मठारकाम करतात. जवळजवळ दिलेल्या त्या ठोक्यांनी भांड्याला चकाकी येते आणि बळकटीही येते. धातू ठोकल्याने कठीण होतो आणि तापवल्याने नरम पडतो, या एकाच नियमावर बंब, घंगाळ आणि काडतूस तिन्ही उभे आहेत. इकडे आदिलाबादच्या वोज म्हणजे ओझा कारागिरांचे पितळकाम अगदी निराळ्या वाटेचे. मेणाच्या धाग्यांनी आकार घडवायचा, त्यावर मातीचा साचा चढवायचा, मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत पितळ ओतायचे. गोंडांच्या देवमूर्ती, घंटा, दिवे या रीतीने घडतात. डोकरा म्हणतात ते हेच काम; आदिलाबाद डोकऱ्याला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण ओतीव पितळाची पुंगळी काडतुसाला चालत नाही. ओतलेल्या धातूत ती लवचीक ताकद येत नाही. ती ओढण्या-ठोकण्यातूनच येते. पितळ एकच असले तरी त्याच्यावर काय गुदरले यावर त्याचा स्वभाव ठरतो.

आणि हिंदुस्थानातल्या पितळेवर बरेच काही गुदरले. ओढीव पुंगळ्यांचे पेटारे फौजेच्या गोदामांत आले आणि एक विचित्र रोग दिसू लागला. पावसाळ्यात मोहिमा थांबत, दारूगोळा घोड्यांच्या पागेत रचून ठेवला जाई. पावसाळा सरल्यावर पेटारे उघडले की कित्येक पुंगळ्यांच्या गळ्यापाशी उभ्या भेगा. कुणी हात लावला नव्हता, बार काढला नव्हता; ठेवल्या ठिकाणी पितळ आपसूक तडकले होते. ऋतूबरोबर येणारा रोग म्हणून त्याचे नावच ऋतूवरून पडले. कुणी हवेला दोष दिला, कुणी धातूच्या मिश्रणाला. उलगडा व्हायला १९२१ साल उजाडले. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तीन ब्रिटिश संशोधकांनी दाखवून दिले की गुन्हेगार एकटा पाऊस नव्हे आणि एकटे पितळही नव्हे. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि पावसाळी दमट हवा मिळून पितळेतल्या तांब्यावर हल्ला करत, आणि ओढताना धातूत कोंडून राहिलेला ताण त्या बारीक जखमेला ओढून भेग करत असे. ओलसर पाग, मूत आणि ताण, तिघेही एकत्र आले तरच हा रोग होई. उपायही मग सोपा निघाला. तयार पुंगळीला बेताची आच द्यायची, म्हणजे कोंडलेला ताण निघून जातो आणि धातूचा कठीणपणा मात्र टिकतो. आज जगभर धातुशास्त्राच्या वर्गात ही गोष्ट शिकवली जाते. विमानाचे भाग असोत की बॉयलरच्या नळ्या, ताण आणि गंज मिळून धातू कसा तोडतात हे समजून घेण्याची सुरुवात हिंदुस्थानातल्या एका पागेपासून झाली. आपल्या पाठ्यपुस्तकांत तिला याहून ठळक जागा मिळायला हवी.

पावसाळ्याने शिकाऱ्यांनाही धडे दिले. बारा बोअरच्या बंदुकीची स्वस्त काडतुसे जाड कागदी पुंगळीची असत. दमट हवेत कागद फुगतो आणि काडतूस कोठीत अडकते. म्हणून इथे पातळ पितळी पुंगळीला मान होता. बर्मिंगहॅमजवळ विटन येथे जॉर्ज कायनॉकने १८६२ मध्ये काढलेल्या कारखान्याची ‘परफेक्ट’ जातीची पितळी पुंगळी शिकाऱ्यांच्या पेटीत असे. तिचा दुसरा मोठा गुण म्हणजे ती टाकून द्यावी लागत नसे. जुनी टोपी काढायची, नवी बसवायची, दारू आणि छर्रे भरायचे, वर गुट्टी दाबायची. जंगलातल्या तंबूत काडतूस पुन्हा भरण्याचे हे काम म्हणजे ठासणीच्या बंदुकीची जुनीच रीत नव्या पुंगळीत उतरलेली. सातपुड्यात आणि मध्य हिंदुस्थानात फिरलेल्या जेम्स फॉरसिथने १८६३ मध्ये शिकारी रायफलींवर पुस्तक लिहिले, तेव्हा बहुतेक रायफली तोंडाकडूनच भरल्या जात. त्याचा ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हा प्रसिद्ध ग्रंथ १८७१ मध्ये निघाला, तोवर जमाना पालटला होता.

पुढे सरकारी भीतीने शिकारी काडतुसांचा नकाशाच बदलला. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाच्या हातातले हत्यार परवान्याला बांधले होतेच. पण फौजेच्या मापाची काडतुसे बंडखोरांच्या हाती लागतील ही धास्ती राहिली. म्हणून १९०७ च्या सुमारास .४५० बोअरच्या शिकारी रायफलींना हिंदुस्थानात आणि सुदानात बंदी आली, कारण मार्टिनीचे मापही तेच. लंडनच्या बंदूककारांचा मोठा गिऱ्हाईकवर्ग इथला. त्यांनी बंदीला वळसा घालणारी नवी मापे काढली. हॉलंड अँड हॉलंडची .४६५ त्याच वर्षीची; .४७०, .४७५, .४७६ ही त्याच गडबडीतली भावंडे. वाघ, गवा, हत्ती यांच्यासाठी बनलेल्या या काडतुसांची मापे हिंदुस्थानच्या कायद्याने ठरवली. दुसरीकडे पोलिसांसाठी .३०३ रायफल .४१० च्या मस्केटमध्ये बदलली गेली. तिची पुंगळी म्हणजे .३०३ चीच, फक्त गळा न आवळता सरळ सोडलेली. एका पुंगळीतून दुसरी काढण्याची ही युक्ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

कारण १९६० च्या दशकात कायनॉकने मोठ्या शिकारी रायफलींची काडतुसे बनवणे बंद केले आणि जगभरच्या शेकडो जुन्या बंदुका एकदम मुक्या झाल्या. नळी शाबूत, घोडा शाबूत, दस्त्यावरचे अक्रोडी लाकूड अजून चकाकणारे. आणि पुंगळीच नाही. तिथून हाताने पुंगळी घडवण्याचा नवा कारागिरी-व्यवसाय उभा राहिला, मुख्यतः इंग्लंड, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात. ऑस्ट्रेलियातल्या बर्ट्रम या कंपनीने लुप्त मापांच्या पितळी पुंगळ्याच बनवायला घेतल्या. मार्टिनी-हेन्रीवाल्यांना वेगळीच वाट सापडली. ब्राझीलमध्ये बनणारी २४ बोअरची पितळी पुंगळी डायमध्ये आवळली की बरोबर मार्टिनीची बाटली होते. ज्या मापाला कुठलीच जवळची पुंगळी नाही, तिथे पितळेच्या सळईतून लेथवर एकेक पुंगळी कातली जाते.

या कामाला घाई चालत नाही. जुन्या बंदुका हाताने बनलेल्या, म्हणून एकाच कारखान्याच्या दोन बंदुकांच्या कोठ्याही तंतोतंत सारख्या नसतात. कारागीर आधी कोठीचा ठसा घेतो. त्यासाठी पूर्वी गंधक वितळवून ओतत. आता अगदी कमी आचेवर वितळणारा बिस्मथचा मिश्रधातू वापरतात. त्या ठशावरून माप घ्यायचे आणि मग पितळेला हात लावायचा. टोपीचाही प्रश्न असतो. बॉक्सर पद्धतीच्या पुंगळीत बुडाला मधोमध एकच भोक, त्यामुळे जुनी टोपी आतून दांड्याने सहज निघते. जुन्या विलायती पुंगळ्या बहुतेक बर्डन पद्धतीच्या, दोन बारीक भोकांच्या आणि ऐरण पुंगळीतच असलेल्या. त्यांतली टोपी काढणे जिकिरीचे. बॉक्सर हे इंग्रज कर्नल, बर्डन अमेरिकन; पण अमेरिकेने बॉक्सरची पद्धत उचलली आणि युरोपने बर्डनची.

अशा बंदुकांच्या नळीवर बरेचदा पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते आणि तिला दमास्कस म्हणतात. ही नक्षी लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पीळ देऊन जोडल्याची; खऱ्या दमास्कस पात्यांचे पोलाद वेगळे. ते दख्खनमध्येच बनत असे. निर्मळच्या परिसरातल्या खनिजापासून गोदावरीपलीकडच्या कोनासमुद्रमला मुशीत ते पोलाद तयार होई आणि ते विकत घ्यायला इराणचे व्यापारी येत, असे भूगर्भशास्त्रज्ञ हेन्री व्हॉयसेच्या वर्णनावरून कळते. पीळदार नळ्या काळ्या दारूच्या दाबासाठी घडलेल्या असतात. आजच्या जोरदार काडतुसाने त्या फुटून हात जातो. म्हणूनच नव्या पुंगळीचे माप जुळले तेवढ्याने भागत नाही. त्या नळीला सोसेल तेच तिच्यात भरावे लागते.

आपल्याकडे हे काम छंद म्हणून करता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे काडतूस बनवायला परवाना लागतो आणि दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात, म्हणजे रिकाम्या पुंगळीलाही कायदा लागू आहे. शिवाय बाजारहत्नूरच्या अवतीभवती बार काढायला कारणही उरले नाही. तिकडे ताडोबात १९३५ पासूनच शिकारीला बंदी होती, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशभर शिकार थांबवली. आदिलाबादच्या जंगलातले कवाल १९६५ मध्ये अभयारण्य झाले आणि २०१२ मध्ये व्याघ्र प्रकल्प. हे चांगलेच झाले. खडकीचा कारखाना मात्र चालू आहे. २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहे. भुसावळजवळ वरणगावला त्याला १९६४ पासून जोडीदार मिळाला. परवानाधारकांच्या बारा बोअरसाठी खडकीची ‘शक्तिमान’ काडतुसे दुकानांत मिळतात.

उरतात त्या संग्रहालयांतल्या आणि जुन्या वाड्यांतल्या बंदुका. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यात, पुण्याच्या केळकर संग्रहालयात, हैदराबादच्या सालारजंगमध्ये जुनी हत्यारे काचेआड नीट ठेवलेली आहेत. बंदुकीवर बंदूककाराचे नाव असते, पण ती कुठे, कधी, कोणाच्या दारूगोळ्यावर चालली हे पुंगळीचे बूड सांगते. कारखाना, साल आणि माप, तिन्ही तिथे ठोकलेले असतात. जुन्या घरांत अशा पुंगळ्या पेटीच्या तळाशी सापडतात आणि भंगारात पितळेच्या भावाने जातात. निकामी केलेल्या पुंगळ्या कायदेशीर रीतीने संग्रहालयांनी मागून घ्याव्यात, बंदुकीशेजारी मांडाव्यात आणि नोंदवहीत बुडावरची अक्षरे उतरवून घ्यावीत. खडकीत ज्यांनी ती पुंगळी ओढली, तापवली आणि धुतली, त्यांचे नाव कुठल्याच बंदुकीवर कोरलेले नाही. त्यांच्या कामाचा पुरावा म्हणून ही दोन अक्षरे आणि सालाचे आकडे तरी नोंदले जातील.